शेऱ्याचा रकाना

आमच्या गोडाऊनच्या मागच्या खोलीत मे महिना लागला की मी काही म्हणता काही ठेवू देत नाही. युरिया नाही, बियाणं नाही, साधं मोडकं खुरपंसुद्धा नाही. आमचे हे दरवर्षी कटकट करतात, "अगं, सरांना जाऊन दोन वर्षं झाली. आता वर कोण बसलंय मोजायला?" मी म्हणते, मी बसलेय. माझ्या तोंडी लागण्यात अर्थ नाही हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलेलं आहे.

कर्जतहून मिरजगावकडं निघालं की डाव्या हाताला आमचं खताचं दुकान. मागं गोडाऊन, गोडाऊनच्या डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली. राहायला आम्ही रस्त्याच्या पलीकडं. खोली भाड्यानं द्यायची पाटी वाचून सर आले. आता खोली बघायला आलेला माणूस भिंती बघतो, पाण्याचं विचारतो, संडास कुठंय विचारतो. हे गृहस्थ गच्चीवर गेले आणि वर तोंड करून उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. मग म्हणाले, "छान आहे."

"काय छान आहे?" मी विचारलं. खोलीचं दार तर उघडलंही नव्हतं.

"चारी बाजूंनी आभाळ आहे," सर म्हणाले. आणि खाली उतरताना जिन्याची शेवटची पायरी चुकले.

ती पायरी ते सहा वर्षं चुकत होते. वर बघत चालायची सवय. आमच्या शटरला किती वेळा डोकं आपटलं असेल, मोजदाद नाही. आपटलं की शटरलाच "माफ करा" म्हणायचे. नगरला कॉलेजात उभा जन्म फिजिक्स शिकवून रिटायर झालेले, बायको वारलेली, एक लेक पुण्याला. लेकीकडं सुखानं राहायचं सोडून हा माणूस आमच्या पत्र्याच्या खोलीत का आला, याचं उत्तर त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिलं. वळवाचे ढग मोजायला.

"ढग काय मोजायचे?" मी म्हटलं. "आला की दिसतो."

"ढगातून किरण येतात, ताई. दवाखान्यात एक्स-रे काढतात ना, तसलेच, पण त्याहून फार जोरकस. गॅमा किरण. ढगात वीज दाटली की आतले इलेक्ट्रॉन मोकाट सुटतात आणि हवेवर आपटतात, त्यातून ते निघतात. वीज एकदा पडली की दाब मोकळा होतो, किरण तिथल्या तिथं थांबतात." एवढं बोलून माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "शाळेत फिजिक्स होतं का तुम्हाला?"

होतं की. बारावीला त्याच विषयात नापास झाले होते, त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं आणि फिजिक्सशी माझा संबंध मिटला. हे मी चारचौघांत सांगत नाही, पण सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "अडलात कुठं?" मी म्हटलं, "विजेच्या धड्यात." त्यावर हा म्हातारा इतका खूश झाला, जसं काही मी पहिली आले होते. "वा! म्हणजे मजेचं सगळं अजून बाकी आहे तुमचं!"

त्यांचं यंत्र बघून मला आधी हसूच आलं. दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन, त्यात काळ्या टेपनं गुंडाळलेली एक नळी आणि नळीच्या तोंडाशी काचेसारखा खडा. खडा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं दिलेला. किरण लागला की तो खडा आतल्या आत लुकलुकतो आणि नळी ते मोजते. दर सेकंदाला किती, तो आकडा जुन्या लॅपटॉपवर यायचा. उन्हानं कॅन तापला की आकडे बिघडायचे, म्हणून सर त्याला आपली शाल पांघरायचे आणि स्वतः तसेच बसायचे. शेवटी मी घरून एक गोधडी शिवून आणली. गोधडी घेताना सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "ताई, याचं कौतुक करणाऱ्या तुम्ही पहिल्या." मी कौतुक कसलं करतेय, मला त्या शालीची दया आली होती. पण तसं बोलले नाही.

यंत्राच्या आधी त्यांनी गच्चीवर वीजवाहक पट्टी बसवून घेतली होती, जाड तांब्याची, थेट जमिनीत गाडलेली. एरवीचा हा वेंधळा माणूस विजेच्या बाबतीत अजिबात तसा नव्हता. ढग वर आला की पहिलं काम, दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या कडुलिंबाखालची माणसं हटवायची. एरवी ज्यांचा आवाज शेजारच्याला ऐकू यायचा नाही, ते सर ओरडायचे, "झाडाखालून निघा! इकडं या आत!" मग रस्त्यानं जाणारे झाडून सगळे आमच्या दुकानात. एकदा एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन आत आली आणि शेळ्यांनी मक्याच्या बियाण्याची पिशवी फाडली. मी म्हातारीला बोलायला लागले तर ती म्हणते, "तुमच्याच मास्तरानी बलीवलं, मी काय सोताहून आले न्हाई!" त्या दिवशीचं पान मी नंतर बघितलं. शेऱ्यात लिहिलं होतं: "दुकानात दोन शेळ्या. ताई रागावल्या."

हा शेऱ्याचा रकाना म्हणजे सरांचा जीव की प्राण. लॅपटॉपवर सगळं साठत असलं तरी सर वहीत लिहायचे. वेळ, आकडा, पाऊस, निरीक्षक, शेरा. निरीक्षकाच्या रकान्यात त्यांची सही, आणि शेऱ्यात त्या घडीला आसपास जे काही घडत असेल ते. "शेजारी वेल्डिंग चालू." "लग्नाचा डीजे, पत्रा थरथरतो." "ताईंनी पापड उचलायला बोलावलं, अकरा मिनिटं नोंद नाही." मी म्हटलं, अहो, पापडांचा आणि विजेचा काय संबंध? तर म्हणाले, "आकडा वाढला की आधी आपल्या घरात शोधायचं, ताई. घरात काहीच सापडलं नाही तर मग आभाळाकडं बघायचं."

पावसाचा रकाना का, तेही त्यांनी समजावलं. पाऊस पडला की हवेतली किरण सोडणारी धूळ खाली धुऊन येते, आकडा वाढतो आणि तास-अर्ध्या तासानं हळूहळू उतरतो. ते ढगाचं काम नव्हे. खरी खूण एकच: पाऊस नसताना आकडा चढला पाहिजे आणि वीज चमकताक्षणी धपकन खाली आला पाहिजे. एवढी एक नोंद त्यांना हवी होती. एकच. "ती मिळाली की मी पुण्याला जायला मोकळा," असं लेकीला फोनवर सांगायचे.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याला आधी सरांचा वैताग होता. ढग आला की सर त्याच्या दारात हजर. "दहा मिनिटं बंद ठेवता का? तुमच्या ठिणग्या माझ्या आकड्यात येतात." तो म्हणायचा, "सर, गेट उद्या द्यायचंय वो, लगीनघर हाय." पण ऐकायचा. पुढं पुढं ढग दिसला की तोच आपणहून मशीन बंद करायचा आणि गच्चीकडं बघून हाक मारायचा, "आलं बगा सर तुमचं पाव्हणं!" माणूस कुणाला बळजबरी करत नव्हता, म्हणून असेल, सगळे त्यांचं ऐकायचे.

तर पहिल्या तीन वर्षांत ती नोंद काही मिळाली नाही, पण दुसरंच एक सापडलं. दरवर्षी मे संपताना, आभाळात ढग नसतानाही, आकडा वाढायचा. चार-सहा आठवडे वर राहायचा आणि आषाढात उतरायचा. तिन्ही वर्षं तेच. सरांनी घरात शोधलं, आमच्या घरचा मिक्सर बघितला, वायरी बदलल्या, काही सापडलं नाही. मग ते आभाळाकडं वळले. त्यांना वाटलं, वळवाच्या दिवसांत सगळ्या मुलखावरच वीज दाटत असणार आणि ढग यायच्या आधीपासून हवा किरण सोडत असणार. तसं कुणी कधी लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आलेख काढून मुंबईच्या एका मोठ्या संस्थेला पाठवले. तिथून उत्तर आलं की दोघं शास्त्रज्ञ येऊन बघतील. अहो, काय सांगू त्या दिवसांचं! सर कर्जतला जाऊन नवा सदरा घेऊन आले आणि मला विचारलं, पाहुण्यांना कर्जतची झणझणीत शिपी आमटी करता येईल का. मी म्हटलं, सर, आमटी काय, पुरणपोळी करते.

ते यायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. दुपारी शेतकऱ्यांच्या गटाचे लोक ट्रॅक्टर घेऊन आले आणि मागच्या खोलीतलं सगळं पोटॅश एका दमात भरून घेऊन गेले. चारच्या सुमाराला सर जिना उतरून आले. आभाळ निरभ्र होतं, तरी चेहरा कसनुसा झालेला.

"ताई, आज दुपारी इथं काय झालं? आकडा एकदम उतरलाय."

"काही नाही. पोटॅश गेलं."

"कुठलं पोटॅश?"

"मागच्या खोलीतलं. दरवर्षी मेच्या शेवटी भरतो आम्ही. ऊस, कांदा, सगळ्यांना लागतं. आषाढापर्यंत संपतं."

"माझ्या खोलीखाली?"

"खालीच की. का हो?"

सर मागं सरकले आणि वजनकाट्यावर बसले. काट्याचे लाल आकडे लागले, अठ्ठावन्न किलो. मला ते आकडे अजून दिसतात. मग त्यांनी मला सांगितलं की पोटॅशमध्ये निसर्गतःच थोडे किरण असतात. मी घाबरून म्हटलं, "बाई गं, आम्ही इतकी वर्षं त्यात वावरतोय!" तर त्याही अवस्थेत हसले. "काही होत नाही हो. केळ्यात असतात, माझ्यात असतात, तुमच्यात असतात. पण टनावारी पोती रचली की माझा खडा ओळखतो." आणि मग अगदी हळू म्हणाले, "मी मुलांना शिकवलंय हे, ताई. वर्गात पोटॅश नेऊन दाखवलंय."

सरांना खत म्हणजे युरिया, एवढंच डोक्यात. बाहेरच्या जिन्यानं वर जाणार, वर बघणार. पायाखाली काय रचलंय ते बघायला सहा पावलं आत यायला हवं होतं, तेवढं ते कधी आले नाहीत. आणि मी रोज त्यांना चहा देत होते, मला तरी काय ठाऊक!

मी इकडंतिकडं बघितलं आणि म्हटलं, "सर, कुणाला कळणार आहे? येऊ दे त्यांना. पुढच्या वर्षीपासून मी ठेवत नाही तिथं."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही कधी युरियात मीठ मिसळून विकलंय?"

"काय बोलता! जीभ झडेल."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि वर गेले.

संध्याकाळी पत्र वाचून दाखवलं. तीन वर्षं कळवलेली वाढ आकाशातली नसून खोलीखालच्या खताच्या साठ्याची आहे, आपण नीट तपासलं नाही, क्षमा असावी. मी म्हटलं, "आमच्या दुकानाचं नाव नाही ना घातलं?" म्हणाले, "नाही घातलं." शास्त्रज्ञ आले नाहीत. खरं काही सापडलं तर जरूर कळवा, असं दोन ओळींचं उत्तर आलं. दोन दिवस सर खाली उतरले नाहीत, डबा जसाच्या तसा परत आला. मी स्वयंपाकघरात बसून रडले. माझ्याच पोत्यांनी त्या भल्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला असं मला झालं.

तिसऱ्या दिवशी आले, पायरी चुकले, शटरला माफ करा म्हणाले आणि मला म्हणाले, "एक मात्र बरं झालं, ताई. यंत्र उत्तम आहे. खालचं पोतं वरून ओळखतं!"

त्या वर्षापासून पोटॅश आमच्या घरी, रस्त्यापलीकडं, पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागं. ह्यांनी आदळआपट केली, पाहुणे बसणार कुठं म्हणाले. मी म्हटलं, पोत्यांवर. आणि आकडा खरंच मेमध्ये चढायचा थांबला. पण ढग काही दाद देईना. एकदा राशीनकडं वळला, एकदा ऐन वेळी लाईट गेली, एकदा पाऊस आधी आला. दोन उन्हाळे असेच गेले आणि सरांना दम लागायला लागला. जिन्यात तीनदा थांबायचे. सहाव्या वर्षीच्या एप्रिलात लेक आली आणि त्यांना पुण्याला घेऊन गेली. बायपास करायचं ठरलं. जाताना किल्ली आणि वही माझ्या हातात दिली. "नोंद थांबवू नका, ताई. आणि जे असेल तेच लिहा." मी म्हटलं, मी नापास बाई. म्हणाले, "तुम्हाला घड्याळ कळतं आणि खोटं बोलता येत नाही. आणखी काय लागतं?"

त्या मेमध्ये एक दिवस चारच्या सुमाराला पूर्वेकडून ढग उठला. काळाकुट्ट, पण कोरडा. लिंबाखाली दोघं उभे होते, त्यांना ओरडून आत घेतलं. वेल्डिंगवाल्यानं हात वर करून बंद केल्याची खूण केली. मी वर जाऊन वही उघडली. चार सोळाला चारशे दहा, नेहमीचा. सतराला चारशे बावीस. अठराला चारशे साठ. पावसाची खात्री करायला खिडकीतून हात बाहेर काढला, कोरडा. एकोणीसला पाचशे दहा, विसाला पाचशे पंचावन्न. आणि तेवढ्यात वीज कडाडली, सगळी खोली पांढरी झाली, आणि लॅपटॉपवर पुन्हा चारशे बारा. मी बघतच राहिले. मग लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण लिहिलं.

फोन करायला खाली पळाले आणि मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत भिंतीशी पोटॅशची दोन पोती. सकाळी एक शेतकरी माझ्या घरून घेऊन निघाला होता, "बाई, मोटारसायकल घिऊन येतो, तवर हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणत झाडायला उघड्या ठेवलेल्या खोलीत टाकून गेला होता. मी साफ विसरले होते. उद्या सकाळी सरांचं ऑपरेशन. सांगावं तर माणूस खचणार, न सांगावं तर मीठ मिसळल्यासारखंच. मी त्या पोत्यांसमोर उभी राहिले, नीट विचार केला आणि फोन लावला.

लेक म्हणाली, "काकू, त्यांना जास्त बोलू नका म्हणून सांगितलंय." मागून आवाज आला, "कर्जत आहे का? दे इकडं."

मी आकडे वाचले. एकेक मिनिट.

"पाऊस?"

"थेंब नाही. हात बाहेर काढून बघितला."

"विजेत हात बाहेर काढला?" तसल्या अवस्थेतही ओरडले. "वेल्डिंग?"

"बंद."

"मिक्सर?"

"घरात कुणी नाही."

"आणि खाली?"

मी डोळे मिटले. "खाली दोन पोती होती, सर. पोटॅशची. माझी चूक."

दवाखान्यातलं कसलंतरी यंत्र टिकटिक करत होतं, ते ऐकू येत होतं. मीच म्हटलं, "सर, पण ऐका ना. पोती सकाळपासून तिथंच होती. चार सोळालाही होती, तेव्हा आकडा नेहमीचाच होता. आणि वीज पडल्यावर आकडा उतरला, पोती कुठं उतरली? ती आत्ताही माझ्यासमोरच आहेत."

आवाज आला तो रडका होता. "ताई," सर म्हणाले, "तुम्हाला नापास कुणी केलं हो?"

मग मी रडायला लागले, ते हसायला लागले आणि लेकीनं फोन काढून घेतला. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर सर वर्षभर होते, पुण्यातच, जिना चढायला बंदी. इकडं ढग आला की त्यांचा फोन यायचा. ते पान त्यांनी त्या संस्थेला पाठवायला लावलं. तिथून पत्र आलं, मूळ वही जपून ठेवा आणि नोंदी चालू राहू द्या. म्हणून तर ती खोली रिकामी असते.

पण त्या दिवशी लेकीनं फोन काढून घ्यायच्या आधी मी घाईनं विचारलं होतं, निरीक्षकाच्या रकान्यात तुमचं नाव घालू ना? म्हणाले, "मी होतो का तिथं? जो होता त्याचं घाला." मी विचारलं, "आणि शेऱ्यात?"

"जे होतं ते."

म्हणून त्या पानावर, सहा वर्षांच्या त्यांच्या सह्यांनंतर, माझं नाव आहे. आणि शेऱ्यात लिहिलं आहे: "पाऊस नाही. वेल्डिंग बंद. खाली पोटॅशची दोन पोती. वीज पडली तेव्हा जागची हलली नाहीत."